तिळाची वडी फरशी झाली, वाकळ अर्धी राहिली: गावाकडच्या सुट्टीत काय काय करता येईल?

मांजराकाठ | १७ डिसेंबर २०२४, रात्री ११:०५

राम राम मंडळी. दरवर्षी नुसता वाचून जातो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

गाव औसा तालुक्यात, नोकरी पुण्याला. पोरांना नाताळची सुट्टी आहे आणि यंदा येळवस (मार्गशीर्ष अमावस्येचा आमचा शेतातला सण) सोमवारी, ३० तारखेला आलीय. म्हणून २५ ते ३१ गावीच राहायचं ठरवलंय. बायकोला रजा फक्त शेवटच्या तीन दिवसांची. तोवर मी, पोरगा (११), पोरगी (७) आणि आई. आई बहात्तर वर्षांची. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.

आता अडचण सांगतो. गेल्या संक्रांतीला मी तिळाची वडी केली होती. व्हिडिओत बाई म्हणाल्या चार मिनिटं पाक उकळा, मी घड्याळ लावून चार मिनिटं उकळला. ताटात ओतला, थापला, गार झाला. कापायला गेलो तर सुरीचं टोक वाकलं. शेवटी खलबत्त्यात कुटून दुधातून संपवली. पोरगा अजून तिला 'बाबांची फरशी' म्हणतो. यंदा तिथे राहून नीट शिकायची आहे.

दुसरं, आईच्या ट्रंकेत एक अर्धी वाकळ (जुन्या कपड्यांची गोधडी) आहे. चार वर्षांपूर्वी वडील गेले, त्या वर्षी तिने घातली होती. त्यांची दोन धोतरं आत आणि वरून तिची इरकल लुगडी. कडेने दोन-अडीच वीत शिवून झालीय, मधलं सगळं तसंच. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही. मला टाका घालता येत नाही.

तिसरं म्हणजे पोरं. गावात नेटची रेंज नाही (बरंच आहे). पण सात दिवस त्यांच्या हाताला काहीतरी काम पाहिजे, नाहीतर माझं डोकं खातील.

---

निलंगा_राईस | १७ डिसेंबर, रात्री ११:३१

फरशी :) :) दादा, त्या वडीचे फोटो असतील तर टाका, आमच्या अंगणात बसवायच्या आहेत.

बाकी येळवस असताना पोरांच्या कामाची काळजी कामून करायलाव? आदल्या दिवशी पोरांना शेंगा सोलायला बसवा. भज्जीला (येळवसेची मिसळ भाजी) तुरीच्या, हरभऱ्याच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा पाटीभर लागतात. दोन तास कुठे गेले कळत नाही.

---

अंबाजोगाईची_लेक | १८ डिसेंबर, सकाळी ७:२०

वडीचं सांगते. घड्याळ लावलंत तिथेच गणित चुकलं. पाक मिनिटांवर होत नाही. गूळ ओला की कोरडा, पातेलं जाड की पातळ, आच केवढी, यावर सगळं असतं. गुऱ्हाळावरचा ताजा गूळ असेल तर त्यात पाणी जास्त, त्याला वेळ लागतो. पिवळाधमक चिक्कीचा गूळ तर मऊ वडीला घेऊच नका, तो मुळात कडक व्हायलाच असतो.

आमच्याकडचं माप: तीळ दोन वाट्या, दाण्याचा जाडसर कूट एक वाटी, चिरलेला साधा गूळ दोन वाट्या, तूप एक मोठा चमचा, वेलदोडा. तीळ मंद आचेवर भाजायचे. ते तडतडायला लागले, एखाद-दुसरा कढईबाहेर उडाला की उतरवायचे. लाल होऊ दिले तर कडवट लागतात. मग निम्मे तीळ मिक्सरला नुसते एकदा फिरवून भरड करायचे. मऊपणा निम्मा इथे येतो. सगळे तीळ अख्खे ठेवले की वडीची चिक्की होते.

गुळात तूप आणि दोन चमचे पाणी, मंद आच. सगळीकडून फेस आला की वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकून बघा. थेंब विरघळला तर अजून वेळ आहे. बोटांनी गोळा करता आला आणि दाबल्यावर चपटा झाला, की गॅस बंद. बंद म्हणजे बंद, 'अजून एक उकळी' नाही. ती एक उकळीच तुमची फरशी.

तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडाने थापा आणि लगेच, गरम असतानाच सुरीने रेघा मारा. गार झाल्यावर कापायला घेतली की चुरा तरी होतो नाहीतर सुरी वाकते. तुमची वाकलीच म्हणा.

---

पाकशास्त्री_परभणी | १८ डिसेंबर, सकाळी ९:४४

निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आहे, म्हणून राहवत नाही. ताई म्हणतात ते बरोबर, त्यामागचं कारण असं. पाकातलं पाणी जसजसं उडतं तसतसा तो जास्त तापमानाला उकळतो. साखरेच्या पाकाची मऊ गोळी साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला होते. १२१ ते १३० ला घट्ट गोळी. १४६ च्या पुढे गेला की काचेसारखा तडकणारा, म्हणजे चिक्कीचा. सुरुवातीला पाणी भरपूर असतं म्हणून पारा हळू चढतो. शेवटी पाणी थोडं राहतं आणि पारा भराभर पळतो. म्हणून पहिली तीन मिनिटं काहीच झालं नाही असं वाटतं आणि चौथ्या मिनिटात घात होतो.

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षारही असतात, त्यामुळे तो साखरेपेक्षा लवकर करपतो. आच मंदच हवी.

मी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतला आहे. सौभाग्यवती त्याला 'ताप बघायचं' म्हणतात आणि स्वतः वाटीत थेंब टाकतात. आजवर त्यांची वडी एकदाही बिघडलेली नाही. माझी दोनदा.

---

बिब्बा | १८ डिसेंबर, दुपारी १:१५

एवढा उपद्व्याप कशाला. लातुरात संक्रांतीच्या आधी गल्लोगल्ली महिला बचत गटांच्या वड्या, पोळ्या, लाडू मिळतात. त्यांच्याकडून घ्या, त्यांना चार पैसे मिळतील. वाकळ पण शिवून देणाऱ्या बायका आहेत. सात दिवस सुट्टी आहे, झोपा काढा.

---

निलंगा_राईस | १८ डिसेंबर, दुपारी १:२२

आले. नाव सार्थ केलं. आता हे धाग्यावर उतणार.

---

सुईदोरा | १८ डिसेंबर, दुपारी ३:५०

बिब्बा, विकत घेण्यात वाईट काही नाही, मीच नांदेडात वाकळा शिवून देते. पण ही वाकळ मी कुणाची घेतली नसती. ज्यात घरातल्याच माणसाचं धोतर आहे ती घरातल्यानेच पुरी करावी, टाके कसेही पडोत.

मांजराकाठ दादा, नीट वाचा. सगळ्यात आधी वाकळ उन्हात दोन्ही अंगांनी तापवा. चार वर्षं ट्रंकेत आहे, कसर (कपडे खाणारी कीड) लागली असेल तर आत्ताच कळेल. मग फरशीवर (तुमच्या नव्हे, घरच्या) सतरंजी घालून तिच्यावर पसरा. चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, पाटा, वरवंटा, काहीही. मधून कडेकडे तळहाताने पदर (कापडाचे थर) सारखे करत या. धोतर मऊ पडतं आणि आत गोळा होतं, तिथे हात फिरवून शोधा. सारखं झालं की लांब लांब कच्चे टाके घाला, वीतभर अंतरावर, उभे-आडवे. त्याशिवाय सुई लावू नका. पदर सरकले तर मध्ये फुगा राहतो आणि तो आयुष्यभर राहतो.

टाका साधा धावदोरा. कडेने सुरू करून आत आत जायचं, एका वेढ्यात बोटभर अंतर ठेवून. सुई उभी खाली घालून सगळे पदर लागले का ते खालच्या हाताच्या बोटाला टोचूनच कळतं. बोट फुटेल, दोन दिवसांत सवय होते. उजव्या मधल्या बोटाला अंगुस्तान घाला. सुईवर तीन-चार टाके भरून मगच ओढा, एकेक ओढत बसलात तर पुढची येळवस येईल. दोरा सुतीच, दुहेरी, हातभर लांब. जास्त लांब घेतला की गुंता.

आईला दोरा ओवता येत नाही ना, मग रोज सकाळी पोरीकडून दहा सुया ओवून घ्या आणि उशीत टोचून ठेवा. सात वर्षांच्या पोरीची नजर सुईच्या नेढ्याला अगदी बरोबर असते.

---

मांजराकाठ | १८ डिसेंबर, रात्री १०:१२

सुईदोरा ताई, हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. एक विचारू? आईचे टाके एकदम बारीक आहेत, तांदळाएवढे. माझे काही केलं तरी तसे येणार नाहीत. तिथपासून पुढे वेगळं दिसेल.

---

सुईदोरा | १८ डिसेंबर, रात्री १०:३०

दिसू द्या. वाकळ आहे, पैठणी नाही. जुन्या वाकळी उलगडून बघा, कडेला एका बाईचा हात असतो, मध्ये दुसरीचा. चार बायका चार बाजूंना बसायच्या, सगळ्यांचे टाके सारखे कुठून येणार? फक्त आईची गाठ उसवू नका. तिच्या शेवटच्या टाक्याच्या दोन टाके मागून तुमचा दोरा सुरू करा म्हणजे सुटणार नाही.

---

कडबापेंढी | १९ डिसेंबर, पहाटे ५:४०

वय झालं, पहाटे झोप येत नाही, त्यात थंडी. तुमच्या शेजारचाच आहे, औसा तालुका.

वाकळीचं वाचून आठवलं. त्र्याण्णवच्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला. त्या साली आम्ही सगळा हिवाळा पत्र्याच्या शेडमधे काढला. पत्रा रात्री असा गार पडतो की त्यातून दव टपकायचं. मदतीला लोकरीची ब्लँकेटं आली होती, चांगली होती. पण लेकरं वाकळीखालीच झोपायची. वाकळ जड असते, अंगावर कुणीतरी हात ठेवल्यागत. ब्लँकेट हलकं, लेकरं दचकून उठायची.

पोरांच्या कामाचं सांगतो. कडब्याची बैलगाडी करा. गेल्या सालचा वाळलेला कडबा घ्या, हिरव्या ताटाची होत नाही. जाड पेरं निवडा. वरची साल लांब पट्टीनं सोला. साल टाकायची नाही, त्याच आपल्या खिळा. आतलं पांढरं भेंड बोटाएवढं कापा. दोन भेंडं समांतर ठेवून सालीच्या काड्या आरपार टोचल्या की साटा झाला. चाकाला सालीची पट्टी पाण्यात भिजवून वाकवा, कोरडी कडकन मोडते. टोकं भेंडाच्या तुकड्यात खुपसा, मधी आडव्या-उभ्या काड्या, झालं चाक. गाडीला जू, जुवाला दोन बैल, बैलाला शिंगं. डिंक नको, खिळा नको.

एक ध्यान ठेवा, साल ब्लेडसारखी कापते. सोलायचं काम तुम्ही करा, टोचायचं पोरांकडं द्या.

---

देवणी_गाय | १९ डिसेंबर, सकाळी १०:०३

काका, भेंडाचा चष्मा विसरलात! आम्ही तो घालून शाळेत गेलो होतो, गुरुजींनी फळ्याजवळ उभं केलं होतं.

आणखी एक सोपं काम. टाचेच्या भेगांचं मलम. मधाच्या पोळ्याचं मेण एक भाग, तिळाचं तेल चार भाग. पातेल्यात पाणी गरम करून त्यात वाटी ठेवायची, वाटीत मेण आणि तेल. मेण साधारण ६२-६४ अंशांना वितळतं, त्यामुळे थेट आचेवर ठेवायची गरजच नाही. वितळलं की ढवळून छोट्या डब्यांत ओता. गार झालं की घट्ट होतं. मेणबत्तीचं मेण घेऊ नका, ते पॅराफिन, वेगळी गोष्ट आहे. पोरांना डब्यांवर नावं लिहू द्या, आजीचा डबा, बाबांचा डबा. आमच्याकडे यावरून भांडण झालं होतं की सगळ्यात मोठा डबा कुणाचा.

---

उमरगेकर | १९ डिसेंबर, दुपारी १२:४०

विषयाला थोडी बगल. येळवस हा 'वेळ अमावस्ये'चा अपभ्रंश असं बरेच जण धरून चालतात. आमच्या सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात हिला 'एळ्ळ अमावस्या' म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. म्हणजे या धाग्यातली वडी आणि येळवस मुळातच नात्यातल्या निघाल्या.

---

बिब्बा | १९ डिसेंबर, दुपारी १२:५५

आमच्या गावात तर 'एळु' म्हणजे सात, सातवी अमावस्या, असं सांगतात. आता काय करायचं?

---

उमरगेकर | १९ डिसेंबर, दुपारी १:०२

आंबील प्यायची आणि गप पडायचं.

---

निलंगा_राईस | १९ डिसेंबर, दुपारी १:१०

हाव! आंबिलीवरून आठवलं, मांजराकाठ दादा, आई करत असतील तर बाजूला बसून बघाच. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच ताक. गरम पिठात ताक घातलं की फाटतं आणि मग सगळे 'यंदा ताकच चांगलं नव्हतं' म्हणत बसतात. लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून घाला, कोथिंबीर, मीठ. मातीच्या नव्या मडक्यात भरून शेतात न्या. मडक्यातली आंबील आणि स्टीलच्या डब्यातली आंबील यात फरक पडतो. पाकशास्त्री सर, कारण सांगा.

---

पाकशास्त्री_परभणी | १९ डिसेंबर, सायंकाळी ६:२५

मडकं पाझरतं, बाहेरच्या अंगावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आतलं गार राहतं. तेवढंच. चवीचं कारण मातीचा वास असावा, पण त्याचा थर्मामीटर माझ्याकडे नाही.

---

अंबाजोगाईची_लेक | २० डिसेंबर, सकाळी ८:१५

पोरगी सात वर्षांची म्हणालात म्हणून सांगते, तिच्यासाठी संक्रांतीचा काटेरी हलवा करून बघा. किलोभर नको, मूठभर. थंडी असली तरच काटा येतो, आणि या आठवड्यात आहे.

जाड बुडाची परात किंवा कढई, खाली अगदी मंद आच. आमच्या आजी कोळशाच्या शेगडीवर करायच्या. साखर बुडेल एवढं पाणी घालून एकतारी पाक करा. उकळताना चमचाभर दूध घाला, मळी वर येते, गाळून घ्या. परातीत मूठभर भाजलेले तीळ. त्यावर अर्धा चमचा पाक, बोटांनी फिरवायचं. कोरडं झालं की परत अर्धा चमचा. पहिल्या तासात काहीच दिसत नाही, नुसते चिकट तीळ. कंटाळून पाक जास्त घातलात की गोळा होतो आणि सगळं वाया. दुसऱ्या दिवशी दाणा पांढरा होतो, तिसऱ्या दिवशी बारीक काटे दिसायला लागतात. रात्री परात उघडी ठेवायची, फडकं घालून, पण मुंग्यांपासून जपून. बोटं पोळतात, हे आधीच सांगते. पोरीला फिरवायला देऊ नका, पाक चमच्याने सोडायला द्या.

मूठभर हलवा झाला तरी दोऱ्यात ओवून तिच्या बाहुलीला हार होतो. सासूबाईंनी माझ्या लेकाच्या बोरन्हाणाला मुकुट, बाजूबंद, बासरी सगळं घरी केलं होतं, दोन महिने पुरलं काम. तेवढं आता कुणी करू नये.

---

बिब्बा | २० डिसेंबर, सकाळी ९:००

शेगडी आत खोलीतच घ्या म्हणजे हलवा पण होईल आणि ऊब पण.

---

सुईदोरा | २० डिसेंबर, सकाळी ९:०४

नाही! गंमत करू नका याची. आमच्या घरी झालंय. माझ्या चुलत सासूबाई थंडीत दार-खिडकी लावून कोळशाच्या शेगडीशी बसल्या होत्या. डोकं जड झालं, उलटीसारखं वाटायला लागलं, त्यांना वाटलं पित्त. नातू दार उघडून आत आला म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. शेकोटी अंगणात, शेगडी दार उघडं ठेवून, आणि झोपताना खोलीत अजिबात नाही.

---

बिब्बा | २० डिसेंबर, सकाळी ९:३०

चूक झाली ताई. वरचं कुणी करू नये.

(आणि माझ्या नावावरून: लाडवात गोडंबी (बिब्ब्याच्या आतला गर) घालणार असाल तर फोडलेली, साफ केलेलीच घ्या. घरी बिब्बे फोडत बसू नका, तेल उडून हाताला उततं. स्वानुभव आहे, नाव त्यावरूनच पडलंय.)

---

मांजराकाठ | ३१ डिसेंबर, रात्री ९:५०

काल येळवस झाली. उद्या पहाटे निघायचंय. रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढलोय, थंडीने बोटं वळत नाहीत, थोडक्यात लिहितो.

बैलगाडी झाली. पोराने तीन केल्या, पहिलीची चाकं चौकोनी. कडबापेंढी काका, सालीने माझंच बोट कापलं, पोरांचं नाही. शेतात पूजेला कडब्याची कोप (खोपी) घातली होती. पोरीने सगळ्यात छोटी गाडी आत पांडवांच्या (पूजेला मांडलेल्या दगडांच्या) शेजारी नेऊन ठेवली. आईने तिलाही हळद-कुंकू लावलं. शेजारच्या रानातले, ओळखीचे-बिनओळखीचे, मिळून चाळीसेक माणसं जेवून गेली. सजगुऱ्याचे (बाजरीचे) उंडे पुरले नाहीत, आंबील उरली. हुरडा अजून नाही, दाणा दुधात आहे.

हलव्याला काटा आला नाही. गारगोट्या आल्या. पोरीने तरी हार ओवला.

वाकळ उन्हात टाकली तेव्हा एका कोपऱ्याला कसर निघाली, दोन बोटं. सुईदोरा ताई, तुम्ही म्हणाला नसतात तर कळलंच नसतं. आईने तिथे वडिलांच्याच धोतराचा तुकडा लावायला सांगितला. पोरगी सुया ओवायची, आई हात फिरवून पदर सारखे करायची. तिला दिसत कमी पण गोळा कुठे झालाय ते बोटाला बरोबर लागतं. सहा दिवसांत माझे दोन वेढे झाले. टाके ज्वारीएवढे आहेत. आई म्हणाली, 'तुझ्या बापाला टोचणार नाहीत.'

आता वडी. २८ तारखेला केली. मी वाटीत पाणी घेऊन थेंब टाकून बघत होतो, तर आई म्हणाली, बोटानं बघू नको, कानानं बघ. तिने पाण्यातली गोळी काढून स्टीलच्या ताटलीवर वरून टाकली. आवाज आला 'टप'. म्हणाली, हा वडीचा. मग मला शिकवायचं म्हणून थोडा पाक पळीत ठेवून अजून उकळला, परत गोळी टाकली. 'टण'. म्हणाली, हा तुझ्या फरशीचा. तिला दिसत नाही म्हणून ती गेली दोन वर्षं अशीच करतेय, मला माहीतच नव्हतं.

वडी मऊ झाली. पोरगा म्हणाला, ही बाबांची नाही.

---

पाकशास्त्री_परभणी | १ जानेवारी २०२५, सकाळी ७:३०

ताटलीची पद्धत मला माहीत होती, पण चिक्कीसाठी. 'टप' आणि 'टण' यात वडीसुद्धा बसवता येते हे आज शिकलो. मऊ गोळी आपटल्यावर चपटी होते, धक्का स्वतःच जिरवते, म्हणून आवाज बसका. कडक गोळी ताटलीला कंपन देते. मातोश्रींना नमस्कार सांगा.

---

अंबाजोगाईची_लेक | १ जानेवारी, सकाळी ८:४०

हलव्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझा पहिला गोळा म्हशीला घातला होता. पाक बहुधा एकतारीच्या पुढे गेला असेल नाहीतर आच मोठी झाली असेल. पुण्यात करू नका आता, उरलेली साखर चहाला वापरा.

---

मांजराकाठ | १५ जानेवारी, रात्री १०:२०

काल संक्रांत झाली. परवा भोगीला रात्री वडी करायला घेतली, इथे पुण्यातल्या स्वयंपाकघरात, एकटाच. गूळ दुसरा, पातेलं दुसरं, गॅसची आच दुसरी. फेस आला. पहिली गोळी टाकली, मला तरी 'टप' वाटलं. पण खात्री होईना. ही टप, की मला हवी म्हणून टप?

आईला फोन लावला. साडेनऊ वाजले होते, ती झोपायच्या बेतात. म्हटलं, नुसतं ऐक. फोन ओट्यावर ठेवला, स्पीकर लावला, दुसरी गोळी ताटलीवर टाकली.

तिकडून काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, 'कुकरची शिट्टी बंद कर आधी.' बायकोने वरणाचा कुकर लावला होता. तो बंद केला. तिसरी गोळी टाकली.

'उतरव,' म्हणाली. 'मला काय विचारायलास, ऐकू येतंय की तुला.'

---

सुईदोरा | १५ जानेवारी, रात्री १०:४१

वाकळ पुण्याला आणली का गावीच ठेवली?

---

मांजराकाठ | १५ जानेवारी, रात्री १०:४४

आणली. आता चौथा वेढा चालू आहे. पोरगी शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून ठेवते, एका सुईचा एक रुपया ठरलाय. काल तिने दर वाढवायचा विषय काढला.